समोरच्या बुवांचा कोरस

एकाच मुलीचा त्याच मुलाशी दुसऱ्यांदा साखरपुडा का, हे पाहुण्यांना समजावून सांगायचं काम मुलीच्या आईने, रश्मीकाकूंनी, शिऱ्यावर सोपवलं होतं. कुणी "म्हणजे मागच्या वेळी जे झालं..." असं काढलं रे काढलं, की त्याच्या हातात शिऱ्याची बशी यायची. तोंड भरलेलं असलं की माणूस चौकशा करत नाही, हा त्यांचा अनुभव. भांडुपला कोकणनगरात जिथे पूर्वी या घाडी कुटुंबाची चाळ होती तिथेच आता अठरा मजली इमारत उभी होती, आणि तिच्या तळमजल्यावरचा हॉल सकाळपासून साजूक तुपाने घमघमत होता.

त्या हॉलमध्ये एक माणूस मात्र शिऱ्याविनाच गप्प होता. काकूंचा पुतण्या सुशांत सकाळपासून खुर्च्या मांडत होता, पाण्याचे जार उचलत होता, झेंडूच्या माळा बांधायला स्टुलावर चढत होता, आणि हे सगळं तोंडातून अवाक्षर न काढता. हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होता आणि दोन मजले वर जाईपर्यंत लिफ्टमधल्या अनोळखी माणसाचं गाव, आडनाव आणि गुडघेदुखी काढून घेई. त्याचं असं गप्प राहणं घरच्यांना पचायला जड जात होतं. पण अटच तशी होती. नवरीमुलीने, म्हणजे त्याच्या चुलतबहिणीने, जान्हवीने घातलेली. निरोप आणला होता त्याची धाकटी बहीण अक्षता हिने, आणि तिने तो एक शब्दही न वगळता, जरा चवीनेच सांगितला होता.

"ये म्हणालीय. पण तोंड उघडायचं नाही. आणि भाऊ म्हणून कुठे पुढे पुढे करायचं नाही."

वर्सोव्याहून आलेल्या एका लांबच्या मावशींनी त्याला विचारलं की पंखा कुठून लागतो, जेवण कधी आणि तुझं लग्न झालं का. त्याने पहिल्याला बटण दाबून, दुसऱ्याला घड्याळ दाखवून आणि तिसऱ्याला मान हलवून उत्तर दिलं. मावशींची खात्रीच पटली की पोराने मौन धरलंय. त्यांनी त्याच्या तोंडावरून मायेने हात फिरवला आणि आजकालच्या मुलांत एवढा संयम कुठे असतो, असं शेजारणीला ऐकवलं. पाठीमागे अक्षताला हसू आवरेना, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

हॉलमागच्या स्वयंपाकाच्या खोलीत मात्र मौन वगैरे काही नव्हतं. तिथे सुशांतची आई विमला आणि रश्मीकाकू या दोन जावा हळू आवाजात, पण मनापासून वाद घालत होत्या. वाद होता तो लग्नातल्या कानपिळीचा. लग्नात नवरीच्या भावाने जावयाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, हा भावाचा मान. जान्हवीला सख्खा भाऊ नाही. लहानपणापासून तिची राखी सुशांतच्याच मनगटावर. पण तिचे वडील, अनंतकाका, यांनी विरारहून बायकोच्या भाच्याला बोलवायचं ठरवलं होतं.

"माझा मुलगा चुकला, हे मी सगळ्यांसमोर मान्य केलंय," विमला म्हणाली. "पण त्या विरारच्या मुलाला आपल्या जानूचा वाढदिवस तरी माहीत आहे का गं?"

"मला काय सांगतेस वहिनी? मी ह्यांच्या मागे लागून लागून थकले. ह्यांचं एकच. ज्याने निलेशचा आवाज घालवला, त्याच्या हातात निलेशचा कान देणार नाही."

सुशांत तेव्हा दाराशी जार घेऊन उभा होता. त्याने ते ऐकलं आणि आल्या पावली परत फिरला. काकांवर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण काकांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं.

घाडींच्या घरात भजन आलं ते धोंडूआजोबांबरोबर. दिवसभर गिरणी आणि शनिवारी मंडळ, असा त्यांचा जन्म गेला. त्यांचे शिष्य धाकूबुवा, आणि धाकूबुवांचा शिष्य सुशांत. आजोबांची पेटी मिसरूड फुटायच्या वयात सुशांतच्या हाती आली आणि पंचविशीत तो नावाजलेला भजनीबुवा झाला. गळा गोड, हजरजबाबीपणा अंगातच, आणि टाळ्यांची चटक लागलेली. पेटीच्या भात्यातली हवा थोडी डोक्यातही गेली होती म्हणायला हरकत नाही.

डबलबारीत, म्हणजे भजनांच्या सामन्यात, दोन मंडळं समोरासमोर बसतात. मध्ये सतरंजीचा मोकळा पट्टा. दोन्ही बुवा आलटूनपालटून गातात आणि शेवटच्या गजरात एकमेकांची खेचतात. खेचायची म्हणजे समोरच्याच्या सुराची, पेटीची, फार तर टकलाची. दोन वर्षांपूर्वी माघी गणपतीत मुलुंडला सुशांतसमोर बसला होता निलेश तळवडेकर. बोरिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारा हा शांत मुलगा बोलताना अडखळायचा, पण गाताना कधीच नाही. जान्हवीशी त्याचा साखरपुडा नुकताच झालेला. मंडळवाल्यांनी पोस्टरवर 'मेहुण्यांची बारी' असं छापलं आणि मांडवात उभं राहायला जागा उरली नाही.

निलेशने गजरात सुशांतच्या जेल लावलेल्या केसांची अशी काही फिरकी घेतली की लोक हसून बेजार झाले. सुशांतला ते झोंबलं. उत्तर सुचेना, आणि टाळ्या तर हव्याच होत्या. मग त्याने जे काढलं ते जान्हवीने त्याला राखीच्या दिवशी विश्वासाने सांगितलेलं होतं. वर्सोव्याच्या धक्क्यावर मढच्या फेरीबोटीची वाट बघत असताना निलेशला तिला लग्नाचं विचारायचं होतं. शब्द काही केल्या फुटेना, तेव्हा त्याने ते गवळणीच्या चालीवर गाऊन विचारलं. हे सांगताना जान्हवी हसत होती आणि डोळेही पुसत होती. सुशांतने तेच भर मांडवात म्हणून दाखवलं, निलेशसारखं अडखळत, एकेक अक्षर तोडत.

मांडव हसला, खूप हसला. निलेशने पेटी मिटली, कडी घातली आणि उठून गेला. पहिल्या रांगेतून धाकूबुवाही उठले आणि चपला हातात घेऊन अनवाणीच बाहेर पडले. सकाळपर्यंत व्हिडिओ साऱ्या कोकणवासीयांच्या फोनवर पोचला होता. आठवड्याभरात निलेशच्या आईने, मीराताईंनी, अंगठी परत पाठवली.

पुढचे काही दिवस सुशांतने निलेशला माफीचे व्हॉइस मेसेज पाठवण्यात घालवले. त्यातला एक तर पुष्कळच लांब होता आणि त्यात तो दोनदा रडलाही होता. एकालाही उत्तर आलं नाही. शेवटी तो धाकूबुवांच्या घरी गेला. बुवांनी सगळे मेसेज बसून ऐकले आणि फोन त्याच्याकडे सरकवला.

"माफी मागताना पण तूच बोलतंस," बुवा म्हणाले. "तो खंय बोललो?"

बुवांनी आजोबांची पेटी मागून घेतली, आपल्या कपाटावर ठेवली आणि त्याच्या हातात झांज दिली. "तुका गाऊक येता. ऐकाक येणा नाय. आता मागे बसायचा."

मागे बसायचा म्हणजे कोरसमध्ये. ज्याच्या नावाचे फलक लागत होते तो सुशांत आता लोकांच्या सत्यनारायणाला, बारशाला, कुणाच्या बाराव्यालाही धाकूबुवांच्या मागे झांज घेऊन बसायला लागला. पहिले काही महिने त्याची पुरती वाट लागली. बुवांची ओळ संपायच्या आत हा शेवटचा शब्द पकडून मोकळा व्हायचा. बुवा भजन तिथेच थांबवायचे. यजमान, बायका, भटजी, सगळे बघत असायचे, आणि बुवा मान न वळवता म्हणायचे, "शब्द बुवाच्या तोंडात आसा तंवसर तो बुवाचो. तुका म्हायत असलो म्हणून तो तुझो होणा नाय."

त्यात बुवांचं वय झालेलं. मध्येच एखादा शब्द त्यांना आठवायचा नाही. अशा वेळी कोरसने काय करायचं, तर शब्द सांगायचा नाही, पुढची ओळ उचलायची नाही, फक्त झांज आणि पखवाज हळू आवाजात चालू ठेवायचे, बुवांना शब्द सापडेपर्यंत. म्हातारा खरंच विसरतो की मुद्दाम, हे मंडळात कुणालाच ठरवता आलं नव्हतं. पखवाज वाजवणारा कुंडलिक तर पैज लावायला तयार होता की मुद्दामच. पण सुशांत थांबायला शिकला. लिफ्टमध्ये लोकांना आधी बोलू द्यायला शिकला. घरी विमलाने तिची कंबरदुखी पहिल्यांदाच शेवटपर्यंत सांगितली आणि मग तीच घाबरून विचारायला लागली की बाबा, तुला बरं वाटत नाही का.

तिकडे जान्हवीने निलेशकडे जाऊन स्वतःची चूक कबूल केली होती, की ते गुपित सांगितलं मीच. निलेशचा राग जायला वेळ लागला. पण प्रेम दोघांचंही चिवट निघालं आणि आज हा दुसरा साखरपुडा उभा राहिला.

पाहुणे जमायला लागले तसा सुशांत लिफ्टपाशी म्हाताऱ्या मंडळींना उतरवून घ्यायला उभा राहिला. दार उघडलं आणि आत एकटी जान्हवी होती. मोरपंखी साडी, केसात अबोली, आणि हातात एक सुटलेली पिन. दोन वर्षांत ती त्याच्यासमोर एकटी कधी उभी राहिली नव्हती. तिने पिन त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडे पाठ केली. खांद्यावरच्या निऱ्या नीट कर, हे तिला सांगावं लागलं नाही. शाळेच्या गॅदरिंगपासून हे काम त्याचंच होतं.

तो पिन लावत असताना ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलली.

"तो गात नाही अजून. कार्यक्रमात सोड, घरीसुद्धा नाही. भाजी चिरताना गुणगुणायचा, ते पण गेलं. मला ज्याने गाऊन विचारलं ना सुशा, त्याचं लग्न होतंय माझ्याशी, आणि गाणंच नाही त्यात. कळतंय का तुला?"

सुशांतला किती काय म्हणायचं होतं. सॉरी, माझी चूक, मी काय करू सांग, सगळं एकदम. पण तोंड उघडायचं नव्हतं. शब्द आत तयार असावेत आणि बाहेर येता येऊ नयेत, हे काय असतं ते त्याला त्या लिफ्टच्या दारात कळलं. त्याने पिन बंद केली, पदर सारखा केला आणि मान हलवली. जान्हवीने वळून त्याच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. मग ती हॉलमध्ये निघून गेली.

साखरपुडा झकास झाला. मीराताईंनी जान्हवीची ओटी भरली, साखरेचा पुडा दिला, निलेशने अंगठी घातली. मागची अंगठी घट्ट झाल्यामुळे नवी करावी लागली, असं रश्मीकाकू सर्वांना सांगत होत्या, आणि अक्षता म्हणत होती की शिरा कुणी खाल्ला ते यावरून समजा. भावाने पाट ठेवायचा तो अनंतकाकांनी स्वतःच ठेवला. सुशांत मागे, चपलांच्या कपाटाजवळ उभा होता. विमलाने तिथून त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

मग भजन. कुठलंही कार्य भजनाशिवाय उठायचं नाही, ही धोंडूआजोबांपासूनची घरची रीत. धाकूबुवा पांढऱ्या टोपीत, काठी टेकत आले, आणि त्यांच्यामागे कुंडलिकच्या हातात एक पेटी दिसली. सुशांतने ती लांबूनच ओळखली. आजोबांची पेटी. दोन वर्षांत ती कपाटावरून खाली उतरली नव्हती. आज देणार, त्याला वाटलं. बुवा आज सगळ्यांसमोर मला पेटी परत देणार.

बुवांनी स्वतःच्या पेटीसमोर बैठक मारली. मंडळ मागे बसलं, सुशांतही झांज घेऊन बसला. मग बुवांनी आजोबांची पेटी पुढे सरकवली, सतरंजीच्या मोकळ्या पट्ट्यापलीकडे, समोरच्या बुवांच्या जागी. आणि निलेशकडे पाहिलं.

"जावयबापू, माझो आवाज बसलो. एक भजन होऊन जाऊ दे तुमचा."

निलेशने मान हलवली, नको. मीराताई ताडकन म्हणाल्या की माझा मुलगा गात नाही आणि त्याला कुणी आग्रह करू नये, एकदा झालं ते पुरे झालं. अनंतकाकांनी बुवांना डोळ्यांनीच विनवलं की हे आज कशाला.

"बरा," धाकूबुवा शांतपणे म्हणाले. "पेटी थंय असांदे. ती काय जेवाक मागणा नाय."

आणि त्यांनी स्वतःच सुरुवात केली. आवाज खरंच बसला होता, पण गोडवा तसाच. सुशांत झांज वाजवत होता आणि त्याची नजर त्या रिकाम्या पेटीवरून हलत नव्हती. खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटत होतं, आणि ते निलेशसाठी नव्हे, स्वतःसाठी. माझ्या आजोबांची पेटी. दोन वर्षं बारशा-बाराव्याला झांज कुटली ती काय म्हणून? बुवांनी ती उचलून दिली कुणाला, तर पाहुण्याला, आणि पाहुण्याला ती नकोय.

मग त्याचं लक्ष निलेशकडे गेलं. निलेशही पेटीकडेच बघत होता. पण पेटीपेक्षा जास्त तो पेटीच्या मागे बघत होता, जिथे समोरच्या बुवांचा कोरस बसतो. तिथे नुसती सतरंजी होती. त्याचं बोरिवलीचं मंडळ त्या बारीनंतर मोडलं होतं. मागे कुणी नसताना पेटीला हात लावायला बुवाला किती धीर लागतो, हे दोन वर्षं मागे बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यातून पूर्वी अशाच जागी बसलेला असताना लोक त्याला हसलेले.

सुशांत उठला. झांज हातातच होती. डबलबारीत कोरसचा माणूस मधला पट्टा ओलांडून समोरच्या बुवांच्या मागे जाऊन बसला, असं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. कुंडलिकचा हात पखवाजावर चुकला. अनंतकाका खुर्चीवरून अर्धे उठले. सुशांत चार पावलं चालला आणि रिकाम्या जागेच्या मागे मांडी घालून बसला. निलेशकडे बघितलं नाही. झांज मांडीवर ठेवली आणि नुसता वाट बघत राहिला.

तो एकटा तिथे किती केविलवाणा दिसत होता, हे अक्षताला बघवेना. ती पुटपुटत उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. मग हॉलमध्ये साडीची सळसळ झाली. जान्हवी आली होती. तिने मोरपंखी निऱ्या सावरल्या, खाली बसली आणि सुशांतला कोपराने बाजूला सरकवलं.

"आता तोंड उघड," ती म्हणाली. "मिटल्या तोंडाने कोरस कसा करणार आहेस?"

निलेशने रिकाम्या पेटीमागे बसलेल्या त्या तिघांकडे पाहिलं. त्यातल्या एकाला तो दोन वर्षं विसरू शकला नव्हता. मीराताईंनी त्याचा हात धरला होता. त्याने तो हळूच सोडवला, येऊन पेटीसमोर बसला आणि कडी काढली.

त्याने जे भजन धरलं ते धोंडूआजोबांचं होतं. गिरणीची पाळी लांबली की मंडळात उशिरा पोचावं लागे, म्हणून आजोबांनी स्वतःच बांधलेलं. घाडींच्या घरात ते पाळण्यातल्या पोरालाही पाठ. पहिल्या साखरपुड्याच्या वेळी अनंतकाकांना खूश करायला निलेशने ते शिकून घेतलं होतं. पेटीचे सूर निघाले तशी अनंतकाकांनी मान खाली घातली, आणि सुशांतला क्षणभर वाटलं की हे तरी माझं होतं. मग त्याने झांज उचलली.

"गिरणी सुटली उशिरा देवा..." निलेशचा आवाज आधी दबका निघाला, मग मोकळा झाला. कोरसने ओळ उचलली. त्याने पुन्हा घेतली. "गिरणी सुटली उशिरा देवा..." आणि पुढच्या शब्दाच्या उंबऱ्यावर त्याचा गळा थांबला.

गातानाही. जे कधी झालं नव्हतं तेच झालं होतं. निलेशचे ओठ हलत होते, मानेची शीर ताठ झाली होती, आणि शब्द येत नव्हता. हॉलमधल्या प्रत्येकाला तो शब्द माहीत होता. रश्मीकाकूंच्या ओठांवर आला होता, विमलाच्या आला होता. मीराताई उठून उभ्या राहिल्या. आणि सगळ्यांत जवळ तो सुशांतच्या जिभेवर होता, आजोबांच्या आवाजासकट. दोन वर्षांपूर्वीच्या सुशांतने तो केव्हाच म्हणून टाकला असता, सुरात, गोड आवाजात, आणि निलेशला वाचवल्याबद्दल टाळ्याही घेतल्या असत्या.

त्याने तो म्हटला नाही. झांज तेवढी हळू आवाजात चालू ठेवली. एक आवर्तन गेलं. समोरून कुंडलिकने ते ओळखलं आणि पखवाज त्याच लयीत धरला. अक्षताने तोंड उघडलं तेव्हा सुशांतने तिचा हात दाबला. दुसरं आवर्तन गेलं. धाकूबुवा डोळे मिटून बसले होते आणि त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. घाई कुणालाच नव्हती. झांज सांगत होती की घाई नाही, आम्ही इथेच आहोत, तुझा शब्द तुझाच आहे.

"...दार ठेव उघडे," निलेश म्हणाला.

आणि मग ते भजन असं काही उठलं की इमारतीच्या पार्किंगमधले ड्रायव्हर आत डोकावायला आले. "कापूस माझ्या केसांवरती, पाय तुझ्याकडे," निलेश गात होता आणि मागचे तिघे गळा फाडून झेलत होते. जान्हवीचा सूर लहानपणापासून लागत नसे, आणि तो आजही लागला नाही, पण तिला कुणी थांबवलं नाही. ती गातही होती आणि रडतही होती. अनंतकाका खुर्ची सोडून सतरंजीवर आले आणि टाळ्या वाजवायला लागले. वर्सोव्याच्या मावशींनी शेजारणीला विचारलं की मौनवाल्या मुलाचं व्रत सुटलं का, आणि सुटलं असेल तर त्याला शिरा द्या.

भजन संपलं. निलेशने पेटी मिटली नाही. तो बसल्या जागी मागे वळला, थेट सुशांतसमोर. सुशांतने खाली बघितलं, कारण आता काय येईल ते ऐकून घ्यायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

"मला तुझा राग होता," निलेश म्हणाला. तो बोलताना अडखळतच होता, पण आज कुणाचीच चुळबुळ नव्हती. "खूप होता. थोडा अजून आहे. तो जाईल हळूहळू." त्याने श्वास घेतला. "पण मला एक सांग. लग्नात माझा..."

शब्द अडला. निलेशचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला होता, त्यामुळे तो कोणता शब्द हे सगळ्यांना कळलं होतं. दाराशी विमलाने रश्मीकाकूंचा हात घट्ट धरला. सुशांतला तर पुढचं पूर्ण वाक्यच कळलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो थांबला.

"...कान कोण पिळणार?"

अनंतकाका घसा खाकरत म्हणाले की विरारच्या मुलाला तसाही रजेचा प्रश्न आहे. अक्षता हसली. जान्हवीने सुशांतकडे पाहिलं. प्रत्येक प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर तयार असे त्या सुशांतने झांज खाली ठेवली, निलेशचं बोलून पुरतं झालंय ना, हे त्याच्या चेहऱ्याकडे बघून नीट जाणून घेतलं, आणि मगच तोंड उघडलं.

"मी," तो म्हणाला.